गस्तीवरच्या रहिवाशाने आगळीक केली, तर भरपाई कोणी द्यायची?

रातकिडा:
अमेरिकेतल्या ‘नेबरहूड वॉच’बद्दल, म्हणजे रहिवाशांनीच आपल्या वस्तीवर नजर ठेवणाऱ्या गटांबद्दल बोलतोय. पोलिसांनी गट उभा करायला मदत केली, की देखरेखही त्यांचीच हवी आणि झळही त्यांनाच बसायला हवी. २६ फेब्रुवारी २०१२ ला फ्लोरिडातल्या सॅनफोर्डमध्ये गस्तीचा स्वयंसेवक जॉर्ज झिमरमन १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनच्या मागे गेला. झटापट झाली, झिमरमनच्या गोळीने मुलगा गेला. २०१३ मध्ये झिमरमन निर्दोष सुटला. आईवडिलांशी पैशांची तडजोड केली ती वसाहतीच्या संघटनेने, म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी.

वकिली_चष्मा:
गट सुरू करताना पोलिसांच्या समन्वयक बाईंनी काय सांगितलं होतं, तेही लिहा की. दिसेल ते कळवा, मागे जाऊ नका. आणि देखरेखीचा हट्ट जपून धरा. पोलीस हुकूम द्यायला लागले, की गस्तवाला कायद्याने सरकारी माणूस ठरू शकतो. उद्या तो त्याच रुबाबात दारोदार चौकशा करत फिरेल.

रातकिडा:
रुबाब आजही आहेच, फक्त त्याला मालक नाही. त्या रात्री झिमरमनने पोलिसांना फोन केला, तेव्हा फोनवरचा कर्मचारी म्हणाला, मागे जायची गरज नाही. ‘जाऊ नका’ असं का नाही म्हणाला? कोर्टात त्यानेच सांगितलं: थेट हुकूम दिला तर जबाबदारी आमच्यावर येते, म्हणून तसं बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं. घ्या! अंग चोरण्याचंही प्रशिक्षण.

चौथा_मजला:
दिवसभर नोकरी करून रात्री फुकट फेरी मारणाऱ्याच्या डोक्यावर दाव्याची टांगती तलवार ठेवलीत, तर येणार कोण? तिथे १९९७ चा स्वयंसेवक संरक्षण कायदा आहे, तो काय उगाच केला?

वकिली_चष्मा:
तो नीट वाचा. बिगर-नफा किंवा सरकारी संस्थेच्या स्वयंसेवकाला साध्या हलगर्जीपणापुरतं संरक्षण आहे. घोर निष्काळजीपणा किंवा गुन्हा असेल तर नाही. गाडीने झालेलं नुकसानही त्यात बसत नाही, आणि बऱ्याच गस्ती गाडीतूनच होतात. शिवाय ढाल त्या माणसाला आहे, संस्थेला नाही. चार घरांनी मिळून नुसता गट केला असेल, तर त्याला हा कायदा लागू होईलच असं नाही.

निवांत:
जॉर्जियातलं अहमाद आर्बरीचं प्रकरण विसरलात? चोर समजून तिघांनी पाठलाग केला आणि गोळी घालून मारलं त्याला. त्यानंतर २०२१ मध्ये तिथे साध्या नागरिकालाही दुसऱ्याला अटक करू देणारा जुना कायदाच रद्द झाला.

चौथा_मजला:
ती माणसं कुठल्या गस्ती गटाची नव्हती हो. दोन्ही एका मापाने मोजू नका.
माझं म्हणणं एवढंच: शस्त्र नाही, पाठलाग नाही, हे लेखी घ्या, संघटनेने विमा काढावा. पोलिसांचा पहारा कशाला?

रातकिडा:
सॅनफोर्डमध्ये ‘मागे जाऊ नका’ सांगून झालंच होतं. नियम मोडणाऱ्याला गटातून काढायचा अधिकार कोणाला, ते लिहा. शेजारी शेजाऱ्याला काढत नाही.