मदत हवी आहे: बेळगाव सोडून चाकणला जावं का? पगार, मुलांची शाळा आणि कागदपत्रांबद्दल विचारायचंय

मच्छे_सेटर

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कच्या शॉपमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) सेटर आहे, फॅनुक कंट्रोल. ग्रॉस १९,५००, त्यात बेसिक आणि डीए १३,०००. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) दोन्ही आहे. इथं ४ वर्षं ७ महिने झालेत, थेट कंपनीच्या रोलवर. मच्छेजवळ स्वतःचं घर, आई-वडील सोबत. थोरला मराठी शाळेत सातवीला, धाकटी दुसरीला.

चाकणहून ३,६०,००० सीटीसीची ऑफर आलीय, फेब्रुवारीत हजर व्हा म्हणतात. बेंगळूरला पीण्या औद्योगिक वसाहतीतही बोलणी चालू आहेत, आकडा साधारण तेवढाच. जावं की नको, गेलो तर कुठं, आणि कागदपत्रांत काय अडतं? ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी सांगा.

हिशोबाची_वही

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, तो पगार नव्हे, त्यामुळं आधी हातात किती पडतात ते काढू. ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,०००. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ८.३३ टक्क्यांनी बोनस १,२५० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२२ त्यातच धरलेली असते. राहिले २६,२२८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला की हातात सुमारे २४,२००. कॅन्टीन आणि बसची कपात वेगळी.

आज १९,५०० मधून पीएफ १,५६० आणि ईएसआय १४६ जाऊन तुमच्या हातात १७,८०० येतात, आणि भाडं शून्य. चाकणला भाडं १२,००० धरा, उरले १२,२००. म्हणजे आकडा वाढला तरी घरखर्चाला साडेपाच हजार कमीच. भाडं कमी मिळालं किंवा ओव्हरटाइम धरून पगार वाढला तरच गणित बसतं. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट आहे. तो पगाराच्या पावतीवर दाखवतात की हातात रोख देतात, हे विचारूनच होकार द्या.

दोन गोष्टी सहसा निसटतात. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, तिच्या वर गेलात की ते कवच नवीन ठिकाणी मिळणार नाही. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आई-वडीलही येतात, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा फक्त नवरा-बायको आणि मुलं असतात. आई-वडिलांची पॉलिसी स्वतः घ्यावी लागली तर तिचा हप्ता वरच्या १२,२०० मधूनच जाणार.

दुसरी ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण केलीत तर १३,००० गुणिले १५ गुणिले ५ भागिले २६, म्हणजे ३७,५००. चौथं वर्ष सरल्यावर पुढचे २४० दिवस भरले तरी हक्क लागतो असं काही निकालांत म्हटलंय, पण त्यावर भांडत बसण्यापेक्षा पाच महिने थांबलेलं बरं. तेवढ्यानं घर हलवायच्या खर्चाला हातभार लागतो.

टूल_ऑफसेट

वरचा हिशोब बरोबर, पण कामाचं स्वरूपही बघा की. उद्यमबागेतला सेटर फिक्श्चर लावतो, वर्क ऑफसेट घेतो, प्रोग्रॅममध्ये बदल करतो, पहिला पीस काढून तपासून देतो. चाकणच्या मोठ्या ऑटो लाइनवर तोच माणूस आठ तास एकच ऑपरेशन लोड-अनलोड करत बसू शकतो. दोन वर्षांत सेटिंगची सवय मोडते आणि पुढच्या मुलाखतीत ते लगेच कळतं.

म्हणून ऑफर लेटरवर हुद्दा ‘सेटर’ किंवा ‘सेटर-कम-प्रोग्रामर’ असावा, ‘ऑपरेटर’ नको. मशीन तीन अक्षांचं, चार अक्षांचं की पाच, एका माणसाकडे किती मशीन, बॅच केवढी, हे विचारा. आणि सगळ्यात आधी: लेटरहेड कंपनीचं आहे की ठेकेदाराचं? चाकणमध्ये बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. तुमचा पीएफ ज्या आस्थापनेच्या नावानं भरणार तिचा कोड मागा, ती ठेकेदार निघाली तर मी सांगेन जाऊ नका. इथली रोलवरची नोकरी सोडून ठेकेदारीत जाणं कुठल्याच आकड्याला परवडत नाही.

पाच अक्षांवर हात बसवायचा असेल तर हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांची कामं चालतात. तिथंही अर्ज टाकून बघा, घर सोडावं लागत नाही.

मच्छे_सेटर

लेटरहेड कंपनीचंच आहे, हुद्दा मात्र ‘टेक्निशियन’ लिहिलाय. सेटर लिहून द्या म्हणून सांगतो. मुलांच्या शाळेचं काय?

दाखला_रजिस्टर

दादा, तुमचा निर्णय मला वाटतं पगारापेक्षा शाळेवर ठरावा. सविस्तर लिहिते.

थोरल्यासाठी सातवी संपल्यावरचा काळ सगळ्यात सोपा. कर्नाटकात वरिष्ठ प्राथमिक सातवीला संपतं, आठवीपासून हायस्कूल, म्हणजे टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) तसाही काढावाच लागणार. महाराष्ट्रातली माध्यमिक विद्यालयंही आठवीत नवीन मुलं घेतात. फेब्रुवारीत हलवलंत तर वार्षिक परीक्षा बुडते आणि अर्धवट वर्षाचा टीसी घेऊन फिरावं लागतं. नववी-दहावीत तर राज्य बदलूच नका, बोर्डाच्या नोंदणीत मूल अडकतं.

टीसी घेताना दुसऱ्या राज्यात जायचंय हे मुख्याध्यापकांना आधी सांगा आणि त्यावर बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसची प्रतिस्वाक्षरी घ्या. ती नसेल तर तिकडची शाळा परत पाठवते आणि नुसत्या शिक्क्यासाठी बेळगावची फेरी पडते. टीसी फक्त कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी प्रत मागा. मुलाचा सॅट्स नंबर (कर्नाटकचा विद्यार्थी क्रमांक) आणि यूडायसचा पेन नंबर (देशभर चालणारा कायम विद्यार्थी क्रमांक) लिहून घ्या. नाव, आडनाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळवा, कारण कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंग हमखास बदलतं. शाळेच्या रजिस्टरात मातृभाषा ‘मराठी’ आहे का तेही बघा, खाली त्याचा उपयोग सांगते.

भाषेचं: पोराचं मराठी आणि इंग्रजी चालून जाईल, कन्नड सुटेल. हिंदी विषय म्हणून झाली नसेल तर तिकडची मुलं पाचवीपासून ती शिकलेली असतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाचवी ते सातवीची हिंदीची पुस्तकं मोफत मिळतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत ती करून घ्या. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या साधारण दोन आठवडे आधी उघडतात, तेवढा वेळ जास्तीचा मिळतो.

आता बारावीनंतरचं, ज्याचा विचार कुणीच आधी करत नाही. कर्नाटक सीईटीच्या (इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेच्या) सरकारी कोट्यासाठी मुख्य अट अशी की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण हवं आणि एसएसएलसी (दहावी) किंवा दुसरी पीयूसी (बारावी), दोन्हीपैकी एक इथून उत्तीर्ण हवी. थोरल्याची सात वर्षं सातवीला पूर्ण होतात. पण दहावी आणि बारावी दोन्ही चाकणला केली तर हा हक्क जातो. दहावीनंतर पीयूसीला बेळगावला आजी-आजोबांकडे आला तर राहतो.

महाराष्ट्राच्या बाजूनं डोमिसाइलला (रहिवासाच्या दाखल्याला) १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, ते दोन्ही मुलांचं बारावीपर्यंत होणार नाही. इथं सीमाभागाची सवलत कामाला येते. इंजिनिअरिंग वगैरेच्या महाराष्ट्र प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांचा वेगळा प्रकार आहे, ‘टाइप ई’. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का बघा. ठरावीक नमुन्यात दोन दाखले लागतात: सीमाभागातले असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. महाराष्ट्र शासनाच्या बऱ्याच पदभरतीतही या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. म्हणून चाकणला गेलात तरी गावच्या घराची घरपट्टी, मतदार यादीतली आई-वडिलांची नावं, शाळेचे जुने दाखले हे सगळं जपून ठेवा. पत्त्याचे सगळे पुरावे घाईनं बदलून मोकळे होऊ नका.

जातीच्या दाखल्याचं थोडक्यात: इथला दाखला तिकडच्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. मराठा समाज कर्नाटकात ३-ब मध्ये आहे, महाराष्ट्रात त्या ३-ब ला अर्थ नाही.

मोशी_फाटा

चाकणमध्ये घर कुठं घ्यायचं ते कंपनीचं गेट कुठल्या रस्त्यावर यावर ठरवा. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आणि नाशिक महामार्ग दोन्ही शिफ्टच्या वेळेला तुंबतात, नकाशावरचे सहा किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं असं धरू नका. महाळुंगेच्या बाजूला कंपनी असेल आणि घर मोशीत घेतलं तर आयुष्य चौकात जाईल. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी कंपन्यांना जवळ पडतात. शाळा आणि दवाखान्यासाठी मोशी-भोसरी बरी.

घर बघायला सकाळी जा आणि नळ सोडून बघा. पिंपरी-चिंचवड महापालिका २०१९ पासून दिवसाआड पाणी देते. नवीन सोसायट्यांत टँकर चालतो आणि त्याचा खर्च मेंटेनन्समधून वसूल होतो. ‘पाणी चोवीस तास’ म्हणणाऱ्याला महिन्याला किती टँकर लागतात, उन्हाळ्यात किती, आणि मेंटेनन्स भाड्यात धरलाय का हे तीन प्रश्न विचारा. बोअरचं पाणी असेल तर प्यायचं वेगळं विकत घ्यावं लागतं.

करार नोटरीवर करू नका. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: ११ महिने, भाडं १२,०००, डिपॉझिट ४०,००० असेल तर एकूण भाडं १,३२,००० अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, म्हणजे शुल्क ३४० च्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीणला ५००. हा नोंदवलेला करार म्हणजेच तुमचा पत्त्याचा पुरावा, शाळा, गॅस, बँक सगळीकडे तोच मागतात. लॉक-इन (मध्येच घर सोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा आणि घर सोडताना रंगाचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या.

पीण्या_स्टेशन

बेंगळूरच्या बाजूनं थोडं बोलतो. राज्य तेच, त्यामुळं कागदांचा त्रास निम्मा. सीईटीचा हक्क शाबूत, केए-२२ (बेळगाव पासिंग) गाडीला फक्त पत्ता बदलायचा, रेशनकार्ड तेच, गृहज्योती योजनेची २०० युनिटपर्यंतची वीजबिल सवलत भाडेकरूलाही मिळते. त्यासाठी जुना आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) सेवा सिंधू पोर्टलवर डीलिंक करून बेसकॉमचा, म्हणजे बेंगळूरच्या वीज कंपनीचा, नवीन जोडायचा. तुमच्या घरात आई-वडील राहणार असतील तर मात्र तो हेस्कॉमचा (बेळगावकडच्या वीज कंपनीचा) नंबर आईच्या आधारला जोडा, नाहीतर त्यांचं बिल सुरू होईल. मेट्रोची ग्रीन लाइन पीण्यातूनच जाते.

अडचणी दोन, पण मोठ्या. डिपॉझिटला इथं ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि तो पाच-सहा महिन्यांचा, काही ठिकाणी दहाचा मागतात. पुण्याकडे दोन-तीन महिन्यांत भागतं. दुसरी, मराठी माध्यम इथं मिळणार नाही. सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला आठवीत एकदम इंग्रजी माध्यम म्हणजे गणित-विज्ञान दोन्ही परत शिकणं. धाकटीला जमेल, थोरल्याला जड जाईल. त्यात बेळगाव पाचशे किलोमीटर, आई-वडिलांपैकी कुणी आजारी पडलं तर चाकण शंभराहून जास्त किलोमीटरनं जवळ.

मच्छे_सेटर

मग चाकणच, पण जूनमध्ये, असं दिसतंय. गाडी, गॅस, रेशन यांचं काय करायचं? गाडीवर कर्ज आहे.

हिशोबाची_वही

गाडी: दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच नंबर बदलावा लागतो. घाई नको, पहिलं वर्ष केए-२२ वरच काढा. विमा आणि प्रदूषणाचं पीयूसी प्रमाणपत्र चालू ठेवा, चाकणला आल्याची तारीख दाखवायला भाडेकरार जवळ असू द्या. बदलायची वेळ आली की बेळगाव आरटीओकडून नमुना २८ ची एनओसी. कर्ज आहे म्हणून त्याआधी फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र लागेल, इथंच लोक महिनाभर अडकतात. मग पिंपरी-चिंचवडला नमुना २७ भरून महाराष्ट्राचा कर, आणि एमएच-१४ नंबर पडल्यावर कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायचा अर्ज. कर्ज वर्षभरात संपणार असेल तर संपवूनच बदला.

गॅस: घरात आई-वडील आहेत, कनेक्शन त्यांच्यासाठी राहू द्या. तुम्ही तिकडे नवीन घ्या.

रेशन: कार्डावर कुटुंबप्रमुख आई असेल तर गृहलक्ष्मी योजनेचे २,००० तिलाच मिळत राहतील. कार्ड बीपीएल असेल तर तुमच्या वाट्याचं केंद्राचं धान्य चाकणच्या दुकानात कार्ड नंबर आणि अंगठ्यावर मिळतं, कर्नाटकाचा वाढीव वाटा मात्र बाहेर मिळत नाही. पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) तोच द्या, नवीन काढू देऊ नका. जुनी रक्कम ऑनलाइन वर्ग करा, काढू नका.

मच्छे_सेटर

कंपनीला जूनपर्यंत थांबा म्हटलं तर ऑफर जाईल का?

टूल_ऑफसेट

जाऊ शकते, पण विचारण्याची पद्धत असते. फोनवर नको, मेल लिहा: ग्रॅच्युइटीची पाच वर्षं आणि मुलाची परीक्षा ही दोन कारणं आणि हजर होण्याची नेमकी तारीख. तारखेशिवाय मुदत मागितली की एचआर नाही म्हणतं. सोबत एक रविवार ट्रायलला येतो, मशीनवर सेटिंग करून दाखवतो असं लिहा. नाहीच म्हणाले तर मार्चअखेर दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज टाका, सेटरला चाकण-भोसरीत काम मिळतं. राजीनामा मात्र नवीन ऑफर लेटर हातात पडून त्यावर ‘सेटर’ लिहिलेलं दिसेपर्यंत देऊ नका.

मच्छे_सेटर

आज रात्रीच मेल लिहितो. उद्या शाळेत जाऊन रजिस्टरातली मातृभाषेची नोंद बघतो आणि इथं कळवतो. ताई, बीईओ ऑफिसला टीसीसोबत अजून काय न्यावं लागतं?

दाखला_रजिस्टर

टीसीची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, सातवीचं प्रगतिपत्रक, मुलाचं आणि तुमचं आधार, आणि मुख्याध्यापकांचं एक ओळीचं पत्र. निकाल लागला की लगेच जा, मे महिन्यात तिथं गर्दी होते.