शाळा बुडवली तर खटला स्पीडिंग तिकीटवाल्या जज्जापुढे? (टेक्सास)

प्लेनोकर : परवा इथल्याच एका पोस्टीत वाचलं, ‘टेक्सासात पोरांनी शाळा बुडवली की थेट बालगुन्हेगारांच्या कोर्टात उभं करतात, आयुष्यभराचा डाग लागतो, तेव्हा डिसेंबरात भारतात जाऊच नका.’ खाली ‘बापरे’ची रांग. अहो, जुन्या ऐकीव गोष्टी किती दिवस फिरवायच्या? १ सप्टेंबर २०१५ पासून, हाउस बिल २३९८ आल्यावर, मुलाविरुद्धचं प्रकरण फौजदारी राहिलेलं नाही, दिवाणी आहे. सहा महिन्यांत दहा विनापरवानगी गैरहजेऱ्या झाल्या तरच शाळा प्रकरण कोर्टाकडे पाठवते, तेही मूल १२ ते १८ वर्षांचं असेल तर. चालतं कुठे? जस्टिस ऑफ द पीस (जेपी, म्हणजे किरकोळ खटले ऐकणारा स्थानिक जज्ज) किंवा म्युनिसिपल, म्हणजे शहराच्या कोर्टात, आणि डॅलससारख्या अवाढव्य काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कॉन्स्टिट्यूशनल काउंटी कोर्टातही. माझ्या मते हेच बरोबर आहे. कोर्ट घराजवळ, फापटपसारा नाही. वरच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात नेलं असतं तर पोरगं पदवीधर झाल्यावर तारीख लागली असती.

हूस्टनची_आई : घराजवळ आहे म्हणून बरोबर? जेपी व्हायला कायद्याची पदवी लागत नाही, हे सोयीस्कर गाळलंत. सकाळी भाडेकरूला घराबाहेर काढायचा दावा, मग स्पीडिंगची तिकिटं (गाडी वेगात हाकल्याचा दंड), मग तेरा वर्षांचं पोर. २०१५ च्या आधी पोरांना ५०० डॉलरपर्यंत दंड ठोकणारी कोर्टं हीच. कायदा बदलला, खुर्ची तीच. डॅलसच्या शाळाबुडव्या कोर्टांची फेडरल न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये चौकशी सुरू केली होती, ती काय उगाच?

प्लेनोकर : चौकशी जुन्या पद्धतीची होती, ताई. आता शाळेने आधी काय प्रयत्न केले ते लिहून द्यावं लागतं, नाहीतर जज्जाला प्रकरण काढून टाकावंच लागतं. बेघर मूल, किंवा घर ज्याच्या कमाईवर चालतं असं मूल, यांची त्यामुळे शाळा बुडत असेल तर त्यांना कोर्टात पाठवताच येत नाही. वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं, ज्यूरीही मागता येते. पदवीवाल्यांनी काय दिवे लावलेत ते पाहिलंय.

तात्या_कोल्हापूर : तुम्ही जेपी-फेपी करत बसा. आमच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. आता २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. कलम १० म्हणतं, शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य. शिक्षा? काही नाही. आपल्याकडे असं कोर्ट पाहिजेच.

बीडचा_मास्तर : तात्या, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर सामानाबरोबर पोरंही चढवतात. धाकटं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कोण सांभाळणार, म्हणून सातवीतली पोरगी नेतात. तिच्या बापाला कुठल्या कोर्टात नेताय? समन्स पोचेपर्यंत टोळी कर्नाटकात. माझ्या हजेरीपटावर मार्चपर्यंत तीच नावं गैरहजर. आणि वर मलाच नोटीस, पटसंख्या का घसरली!

तात्या_कोल्हापूर : मास्तर, तुमचं ते वेगळं आहे. बरं, ऊसतोड सोडून बाकीच्यांना लावा दंड.

फ्रिस्को_राहुल : सगळे मुलाच्याच मागे लागलेत. आई-बापाचं बघा की! शाळेची ताकीद येऊनही हलगर्जी केली असं ठरलं तर पालकावरचा खटला अजून *फौजदारीच* आहे. पहिल्यांदा १०० डॉलरपर्यंत, पाचव्यापासून ५०० पर्यंत. तोही याच जेपी आणि म्युनिसिपल कोर्टात. रक्कम किरकोळ असेल हो, पण आमच्यासारखे एच-वन-बीवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) ‘फौजदारी’ शब्दावर रात्रभर जागतात. आमची शाळा कॉलिन काउंटीत, घर डेंटन काउंटीत. मुलाचं प्रकरण दोन्हीकडे चालू शकतं म्हणे. ताकदीचं पत्र आलं तेव्हा आधी कुठल्या काउंटीला घाबरावं तेच कळेना.

हूस्टनची_आई : ‘ताकीद’ हो, ‘ताकद’ नव्हे. पण पत्र आलंच का? भारतात किती राहिलात?

फ्रिस्को_राहुल : तिकीट स्वस्त मिळालं म्हणून सुट्टीच्या आधी निघालो, नंतर आलो. डिसेंबरात चौघांच्या तिकिटात इथे जुनी गाडी येते.

केटीचे_काका : आम्ही सरळ नाव काढून घेतलं, आल्यावर परत घातलं. कटकट नाही.

फ्रिस्को_राहुल : आणि मॅग्नेटमधली (निवडून प्रवेश देणाऱ्या खास सरकारी शाळेतली) जागा गेली म्हणजे? काका, तुमचा काळ वेगळा होता.

केटीचे_काका : काळ नाही, तुमची हौस वेगळी. लग्नं, मुंज, डोहाळजेवण, सगळ्याला हजर. फक्त शाळेला नाही.

फ्रिस्को_राहुल : माझे वडील आयसीयूत होते त्या वर्षी. कळत नसेल तर बोलू नये.

हूस्टनची_आई : काका, हे आधी विचारता आलं असतं. आणि प्लेनोकर, बघा, हेच म्हणतेय मी. आजोबा आजारी आणि मॉलमध्ये भटकणं, दोन्हीला शिक्का एकच, ‘विनापरवानगी’. हे निवडायला नीट शिकलेलं माणूस नको?

प्लेनोकर : ते निवडायला आधी शाळा आहे. प्रिन्सिपलला आयसीयूचे कागद दाखवले असते तर जेपीपर्यंत जायची गरजच नव्हती.

फ्रिस्को_राहुल : दाखवले होते. मराठी हॉस्पिटलचे, मराठीत.

प्लेनोकर : बरं बाबा, तिथे तरी पदवीवाला असता तर बरं झालं असतं. खूश?

हूस्टनची_आई : एवढं कबूल करायला किती वेळ घेतलात!

केटीचे_काका : राहुल, वडिलांचं माहीत नव्हतं. बाकी मुद्दा कायम. आणि मार्चच्या ब्रेकची तिकिटं कुणी पाहिलीत का? सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, नातवाला चार दिवस जास्त पाहिजेत.