मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलाला वाट बघायला कसं शिकवावं?

हवं ते लगेच मिळालं नाही की मुलगा जमिनीवर अंग टाकतो. काल वरणभात निवेपर्यंतही दम निघाला नाही, ताटलीच ढकलून दिली. बालवाडीत मात्र घसरगुंडीच्या रांगेत शहाण्यासारखा उभा राहतो, असं बाई सांगतात. डॉक्टरांनी तपासलंय; ऐकणं, बोलणं, झोप सगळं ठीक आहे.

वाळूचं घड्याळ आणलं, दोन दिवस चाललं. 'थांबलास तर दोन लाडू' हे कधी जमतं, कधी नाही. ओरडल्यावर तर जास्तच बिघडतं.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमॅलोच्या प्रयोगाबद्दल वाचून धास्तावले होते: समोरचा मऊ गोड मार्शमॅलो लगेच न खाता थांबलं तर दोन मिळायचे, आणि जी लहान मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली. पण २०१८च्या मोठ्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराच फिका पडला. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनच्या हजारावर मुलांच्या पाहणीत, ज्यांचा संयम मोठं होताना वाढला त्यांचं पुढे बरं झालेलं दिसलं. मला तेवढाच आधार वाटतो.

आम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर आजी सांभाळतात आणि त्यांना 'नाही' म्हणवत नाही. त्यांना दुखवायचंही नाही. तर आजींनाही रोज सहज जमेल असं काय केल्याने तुमच्या मुलांना थांबता येऊ लागलं, आणि फरक दिसायला किती दिवस लागले?