प्ले-अलाँगवर जॅझ बॅलडचा रियाज कसा करावा? (टेनर सॅक्सोफोन) मदत हवी आहे

नमस्कार,

मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो. मध्यम आणि जलद लयीच्या जॅझ धुनांवर बऱ्यापैकी हात बसल्यावर आता 'बॉडी अँड सोल' हे बॅलड (संथ लयीचे गीत) नीट बसवायला घेतले आहे. त्याचा जवळपास सगळा रियाज प्ले-अलाँगवर, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्सच्या आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर चालतो. इथल्या जाणकारांचे मार्गदर्शन मिळावे, म्हणून अडचण थोडी सविस्तर मांडतो.

जॉनी ग्रीन यांनी १९३० मध्ये स्वरबद्ध केलेली ही रचना ए-ए-बी-ए घाटाची (पहिला भाग दोनदा, मग निराळा मधला भाग, मग पुन्हा पहिला) आणि ३२ बारची (इथे एक बार म्हणजे ४ मात्रा) आहे. ती सहसा डी फ्लॅट मेजरमध्ये वाजवली जाते आणि टेनरचे लेखन एक पूर्ण स्वर वरच्या पट्टीत असते, त्यामुळे टेनरच्या कागदावर ती ई फ्लॅट मेजरमध्ये लिहिलेली असते. (पुढे सगळे स्वर टेनरच्या लेखनाप्रमाणेच देतो आहे.) मधल्या ८ बारांत धून अर्ध्या स्वराने वर, ई मेजरमध्ये चढते, चार बारांनंतर डी मेजरमध्ये उतरते आणि शेवटी डी सेवन, सी शार्प सेवन, सी सेवन अशा तीन कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवरून) घसरत पहिल्या भागाच्या एफ मायनर सेवनवर परत येते.

पहिली अडचण लयीची आहे. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली, तर एक बार ४ सेकंदांचा आणि एक आवर्तन (पूर्ण ३२ बार) दोन मिनिटांहून थोडे अधिक लांब होते. धुनेची ओळ संपल्यावर पुढची ओळ सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा राहते, तिथे बोटे आपोआप धावू लागतात आणि काही ना काही भरत राहतात. ऐकताना ते वादन घाईचे वाटते, जरी एकही स्वर ठेक्याबाहेर गेलेला नसला तरी.

दुसरी अडचण अशी, की साथ चालू असेपर्यंत आपण रचनेत नेमके कुठे आहोत याची शंकाही येत नाही, परंतु साथ बंद करून एकट्याने वाजवू लागलो की मधल्या भागातून बाहेर पडताना जागा हरवते. तिसरी गोष्ट म्हणजे, मोठे वादक धून ठेक्याच्या किंचित मागे ठेवून वाजवतात, तसे करायला गेलो की मागे राहण्याचे अंतर प्रत्येक बारागणिक वाढत जाते आणि ध्वनिमुद्रण काही माझ्यासाठी थांबत नाही.

माझे प्रश्न असे आहेत: बॅलड शिकताना प्ले-अलाँग कोणत्या टप्प्यावर लावावे? ते लावून नेमका कशाचा रियाज करावा? आणि रचना खरोखर आपली झाली आहे, हे कशावरून ओळखावे?

प्रतिसाद १

तुमची दुसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पहिली आणि तिसरी अडचण तिच्यातूनच निघाली आहे. प्ले-अलाँगमध्ये रचनेचा सांगाडा उभा ठेवण्याचे काम दुसरे कोणीतरी करत असते. कॉर्ड बदलली हे पियानो सांगतो, बार संपला हे बास सांगतो आणि वादक त्या आधारावर वाहत जातो. जलद धुनेत हे खपून जाते. बॅलडमध्ये मात्र प्रत्येक कॉर्ड इतकी लांब टिकते की तिचा सूर वादकाच्या कानात आधीपासून वाजत नसेल, तर मोकळी जागा त्याला अंगावर येते, आणि मग बोटे धावतात.

म्हणून क्रम उलटा करावा, असे मी सुचवेन. प्ले-अलाँग शेवटी लावावे, आणि लावल्यानंतरही त्यातला आधार हळूहळू काढून घ्यावा.

सुरुवात धुनेपासून करा, तीही कागदावरून नव्हे तर कानाने. या गीताचे शब्द जमेल तितके पाठ करा आणि एखादे गायलेले ध्वनिमुद्रण निवडा. गायिका बिली हॉलिडे यांचे १९४० चे ध्वनिमुद्रण यासाठी फार उपयोगी आहे. त्यांचा शब्द मागे रेंगाळतो, पण ओळ जिथे टेकायला हवी तिथेच टेकते. तुमच्या तिसऱ्या अडचणीचे उत्तर बहुतांशी तिथेच आहे. मागे राहणे हे ओळीच्या आत घडते, ओळीच्या शेवटी हिशेब पुरा होतो. तुमचे अंतर बारागणिक वाढते, याचा अर्थ तुम्ही प्रत्येक स्वर सारखाच उशिरा घेत आहात आणि तो उशीर पुढच्या ओळीत घेऊन जात आहात. उशिरा सुरू केलेली ओळ मधल्या दोन-तीन स्वरांत थोडी आवळून वेळेवर आणून ठेवायची, हा स्वतंत्र रियाज आहे, आणि तो आधी गाऊन करावा, मग वाद्यावर.

त्यानंतर कॉर्ड. सगळ्या कॉर्डचे सगळे स्वर घोकण्याऐवजी फक्त तिसरा आणि सातवा स्वर (कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजून) धरा, कारण कॉर्डचा स्वभाव त्या दोघांतच असतो. पहिल्या भागात एफ मायनर सेवन, बी फ्लॅट सेवन, ई फ्लॅट मेजर सेवन अशी चाल येते. एफ मायनर सेवनचा सातवा स्वर ई फ्लॅट आहे. तो अर्धा स्वर उतरून डी झाला की बी फ्लॅट सेवनचा तिसरा होतो आणि तोच डी जागचा न हलता ई फ्लॅट मेजर सेवनचा सातवा होतो. दुसऱ्या धाग्यात ए फ्लॅट दोन कॉर्डभर टिकतो आणि मग जी वर उतरतो. हे दोन धागे लांब स्वरांत, एका कॉर्डला एक स्वर, याप्रमाणे पूर्ण ३२ बार वाजवा. साथ नको, फक्त पायाचा ठेका ठेवा.

तुमची जागा जिथे हरवते, त्या ठिकाणी तर हा धागा विलक्षण सुंदर आहे. डी सेवनचा तिसरा एफ शार्प, सी शार्प सेवनचा तिसरा एफ, सी सेवनचा तिसरा ई, आणि त्यापुढे एफ मायनर सेवनचा सातवा ई फ्लॅट. एफ शार्प, एफ, ई, ई फ्लॅट, असे अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारे चार स्वर तुमच्या कानात पक्के बसले, की मधल्या भागातून घरी परतण्याची वाट पुन्हा चुकणार नाही, मग साथ असो वा नसो.

आता प्ले-अलाँग. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या मालिकेत स्टिरिओच्या एका बाजूला बास आणि ड्रम्स, तर दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम्स अशी विभागणी असते. तुमच्याकडचे ध्वनिमुद्रण त्या पद्धतीचे असेल, तर आवाजाचा तोल एका बाजूला वळवून पियानो पूर्ण बंद करा आणि फक्त बास-ड्रम्सवर वाजवा. कॉर्डचा रंग आता तुमच्या स्वरांतूनच यायला हवा. ते जमले की तीही साथ काढून फक्त मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) ठेवा, आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. ६० च्या लयीसाठी मेट्रोनोम ३० वर लावावा लागेल. किल्लीच्या जुन्या मेट्रोनोमची पट्टी सहसा ४० पासून सुरू होते, तेव्हा त्यासाठी मोबाइलवरचे अ‍ॅप वापरा. शेवटी ठोका बारात एकदाच ऐकू येईल असा ठेवा. दोन ठोक्यांमधल्या त्या चार सेकंदांत तुमची लय कशी वागते, ते तेव्हा तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल.

प्रतिसाद २

मी पियानो वाजवतो आणि सॅक्सोफोनवादकांना साथ करण्याचे प्रसंग नेहमी येतात. वरील प्रतिसाद मोलाचा आहे, पण प्ले-अलाँग शेवटीच लावावे, हे मला पूर्णपणे पटत नाही.

बॅलडमध्ये स्वर लांब असतात आणि लांब स्वरात सुरेलपणा उघडा पडतो. सॅक्सोफोन तापत जातो तसा त्याचा सूर वर सरकतो, हे तुम्ही जाणताच. एकट्याने वाजवणारा वादक या सरकण्याबरोबर नकळत स्वतःही सरकतो. ध्वनिमुद्रित पियानोचा सूर मात्र हलत नाही. त्यामुळे ओळीच्या शेवटचा लांब स्वर प्ले-अलाँगवर धरून, तो पियानोत मिसळतो की त्याच्यावर घासतो, हे रोज ऐकणे अगदी पहिल्या दिवसापासून उपयोगाचे आहे. खालच्या सप्तकातले हलक्या फुंकरीचे, श्वासमिश्रित स्वर तर यासाठी जरूर तपासावेत, कारण तिथे सूर ढळला तरी आवाजाच्या मऊपणात तो झाकला जातो.

दुसरे असे, की वाद्य हातात न घेता संपूर्ण प्ले-अलाँग दोन-चारदा नुसते ऐका. पहिल्या आवर्तनात बासवादक बारात दोनच स्वर देतो आहे का, पुढे तो प्रत्येक मात्रेवर चालू लागतो का, ड्रमवादक ब्रश वापरतो आहे का, दुप्पट लयीचा भास कुठे सुरू होतो, हे सगळे टिपून घ्या. सॅक्सोफोनवादकाने दुप्पट लयीत जायचे की नाही, हे साथ काय करते आहे ते ऐकून ठरवायचे असते. साथीदार निवांत असताना सोलो (एकट्या वादकाचे उत्स्फूर्त वादन) धावू लागला, की पियानोवर बसलेल्या माणसाला आपण कुठे आणि कोणासाठी वाजवतो आहोत असा प्रश्न पडतो.

आयरियल प्रोसारख्या अ‍ॅपमधली साथ कृत्रिम असते, तिच्यातून माणसांचे ऐकणे शिकता येत नाही. परंतु तिथे लय आणि स्वरपट्टी दोन्ही बदलता येतात, आणि हे बॅलड ५० च्या लयीत वाजवून पाहणे हा फार चांगला व्यायाम आहे. ५० वर मोकळ्या जागा सहन करायला शिकलात, तर ६० ची लय प्रशस्त वाटू लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एफ शार्पपासून ई फ्लॅटपर्यंतचे ते चार स्वर लगेच वाजवून पाहिले आणि मधल्या भागाचा शेवट प्रथमच आतून ऐकू आला. पियानो बंद करून नुसत्या बासवर धून वाजवल्यावर वातावरण किती बदलते, हेही लक्षात आले.

दोन उपप्रश्न आहेत. मोकळ्या जागेत काहीच वाजवायचे नाही, असे ठरवले तर सोलो अगदीच तुटक होण्याची भीती वाटते, त्यावर काय करावे? आणि रचनेचा शेवट प्ले-अलाँगवर कसा बसवावा? ध्वनिमुद्रणात तो फार लवकर आटोपतो.

प्रतिसाद १

सुरेलपणाचा मुद्दा प्रतिसाद २ मध्ये अगदी योग्य मांडला आहे. त्या कामासाठी प्ले-अलाँग आधीपासून वापरावे, हे मला मान्य आहे.

मोकळ्या जागेबद्दल: सोलोचे पहिले आवर्तन धुनेच्याच ओळींवर रचा. विलंबित ख्यालात गवई बंदिशीचा धागा न सोडता आलाप वाढवतो, त्या रीतीने एका वेळी ओळीतला एखादाच स्वर बदला, एखादा पुढे-मागे करा. मूळ धून ऐकणाऱ्याच्या मनात चालू असते, म्हणून तुमच्या शांततेतही त्याला काही तुटल्यासारखे वाटत नाही. टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ११ ऑक्टोबर १९३९ रोजी केलेल्या ध्वनिमुद्रणात मूळ धून सुरुवातीच्या काही बारांतच स्पष्ट दिसते, पुढे दोन आवर्तनांत ते जवळजवळ सगळे नवेच रचतात. तिथपर्यंत पोहोचायचे आहेच. पण ते ध्वनिमुद्रण ऐकताना मूळ धून शेजारी गुणगुणत राहा, म्हणजे त्यांच्या प्रत्येक वळणाखाली तिचा कोणता बार आहे ते कळत जाईल.

शेवट मात्र प्ले-अलाँगवर बसवूच नका. बॅलडच्या शेवटी साथ शेवटच्या आधीच्या कॉर्डवर, म्हणजे तुमच्या बी फ्लॅट सेवनवर थांबते आणि सॅक्सोफोन एकटाच, ठेक्याविना काही ओळी वाजवून ई फ्लॅटवर उतरतो. तिथे किती वेळ घ्यायचा हे तुम्ही ठरवता आणि साथीदार तुमच्या श्वासाकडे लक्ष ठेवून शेवटची कॉर्ड देतात. त्यामुळे शेवटचे ४ बार ध्वनिमुद्रण बंद करून वेगळे वाजवा, बी फ्लॅट सेवनवर थांबा, दर वेळी निराळ्या वाटेने उतरा, आणि शेवटच्या स्वराआधी श्वास असा घ्या की शेजारी बसलेल्या पियानोवादकाला तो दिसेल.