पेप्टाइडने पट्टा गेला, म्हणजे अँटिबॉडी खरी?

ओआर५१ई२ या गंधग्राहीच्या (वास ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधण्याची चाचणी) तीन पट्टे येतात, पण पेप्टाइड (ज्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली तो प्रथिनाचा छोटा तुकडा) मिसळल्यावर तिन्ही जातात, म्हणून अँटिबॉडी विश्वासार्ह, असा दावा केला जातो. इथे मी असहमत आहे. पेप्टाइडने पट्टा जातो तेव्हा एवढंच कळतं की अँटिबॉडी आपल्या बंधनस्थळानेच चिकटत होती. ती कोणत्या प्रथिनाला चिकटत होती, हे त्यातून कळत नाही. चुकीच्या प्रथिनावरचा पट्टाही तसाच जातो.

माणसात सुमारे ४०० गंधग्राही जनुकं कार्यरत आहेत आणि त्यांतली कित्येक एकमेकांची भावंडंच. त्यामुळे शेजारच्याला चिकटण्याचा धोका इथे फार मोठा. खरी कसोटी एकच: ते जनुक काढून टाकलेल्या पेशींत पट्टा नाहीसा होतो का? ओआर५१ई२ प्रोस्टेटमध्येही व्यक्त होतं, त्यामुळे एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत हे करून बघता येईल.

आणखी एक, नमुना ९५ अंशांवर उकळला होता का? पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारी ही प्रथिनं उकळली की एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि वरच्या बाजूला भलताच पट्टा दिसतो. प्रथिनाला जोडलेल्या साखरेच्या साखळ्यांमुळेही एकाच प्रथिनाचे दोन पट्टे पडू शकतात. या साखळ्या कापणारं पीएनजेझ एफ हे विकर वापरून बघा.

कृत्रिमरीत्या व्यक्त केलेला ग्राही चालणार असेल, तर त्याच्या टोकाला ऱ्होडॉप्सिन या डोळ्यातल्या प्रकाशग्राही प्रथिनाची पहिली २० अमिनो आम्लं जोडून त्या तुकड्याचीच अँटिबॉडी वापरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. सोबत आरटीपी१ (ग्राहीला पेशीच्या पृष्ठभागावर पोचवणारं सहायक प्रथिन) द्या, नाहीतर बरेच ग्राही पेशीच्या आतच अडकून राहतात.