मदत हवी आहे : सागवान रोपवनातले उंदीर-चिचुंद्र्या मोजताना सापळ्यांची जाळी कशी लावावी?

नागपूरजवळच्या सागाच्या रोपवनात लहान सस्तन प्राण्यांची मोजणी करायची आहे. वनखात्याची परवानगी आहे. आराखडा असा: ७ × ७ जाळी, १० मीटरवर एक शर्मन सापळा (प्राणी जिवंत पकडणारी पत्र्याची पेटी), सलग ४ रात्री, म्हणजे ४९ सापळे × ४ = १९६ सापळा-रात्री. आमिष शेंगदाण्याचा कूट आणि ज्वारीची भरड.

अडचणी तीन. मुंग्या आमिष तासाभरात फस्त करतात. कीटकनाशक फवारलं तर प्राणी बिचकतात, शिवाय विषबाधेची भीती. चिचुंद्री हलकी असली तर पायपट्टीचा (पाय पडताच दार बंद करणाऱ्या पट्टीचा) खटका पडत नाही, आणि अडकली तर काही तासांत उपाशी मरते. झाडउंदीर तर जमिनीवरच्या सापळ्यात फारसा येतच नाही.

चिचुंद्रीसाठी जमिनीत पुरलेल्या बादल्या लावल्या, तर मुरमाड जमिनीत किती खोल खणता? पावसात पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पुरतात का? फांदीवर दीड मीटर उंचीला सापळा कशाने बांधता?

आणि मुख्य शंका: उन्हाळ्यात साग निष्पर्ण, खाली पाला जळालेला, तेव्हाची मोजणी हिवाळ्यात झुडपी जंगलात केलेल्या मोजणीशी ताडून पाहणं मला तरी अन्यायाचं वाटतं. दोन्हीकडे एकाच आठवड्यात सापळे लावावेत का?