पत्रकारितेची पहिली नोकरी: बेळगाव, कोल्हापूर की हैदराबाद? (हातात फक्त २५ हजार)

खानापूरची_पोर
नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली. जूनमध्ये निकाल लागला, आता घरी बसून चौथा महिना. आई काही बोलत नाही, पण शेजारच्या काकू रोज विचारतात.

शिकवण्या घेऊन साठवलेले २५ हजार आहेत. खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं जेवण, काही शिकायचं-घ्यायचं असेल तर ते, सगळं यातच बसवायचंय. घरून एक रुपया मागायचा नाही, त्यामुळे २५ च्या वरचे सल्ले कृपया नकोत.

समोर तीन गोष्टी आहेत. बेळगावातल्या एका मराठी दैनिकाला खानापूर तालुक्यासाठी वार्ताहर हवाय. पगार नाही, छापून आलेल्या बातमीवर मानधन आणि दिवाळी अंकाला जाहिराती आणायच्या. दुसरं कोल्हापूरचं एक पोर्टल, ११ हजार देतो म्हणतात. तिसरं, हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत ईटीव्ही भारतचा मराठी डेस्क आहे, तिथं परीक्षा द्यावी म्हणते.

कन्नड शाळेत दहावीपर्यंत होतं. बोलता बरं येतं, वाचताना अडखळते, लिहायला फार वेळ लागतो. काय करू?

तिसरं_गेट
ताई, नोकरीच्या मागं लागू नकोस. पहिल्यांदा कॅमेरा घे. मी २०१९ ला घेतला, बॉडी आणि लेन्स मिळून ७८ हजार. आज स्वतःचं चॅनल आहे. गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलावावरचा माझा व्हिडिओ ४ लाख लोकांनी बघितलाय. कुणाची गुलामी नाही.

मांडे_आणि_मी
@तिसरं_गेट, त्या ४ लाखांतून पैसे किती आले ते पण सांग की.

तिसरं_गेट
ते वेगळं.

निपाणीचा_जर्दा
माझं ऐकशील तर पुणे. रानडे इन्स्टिट्यूटला पुढचा कोर्स कर. माझा भाचा तिथून बाहेर पडला, आज मुंबईत चॅनलवर आहे, गावात आला की लोक सेल्फी घेतात. आमच्या निपाणीतून कोल्हापूर ४० किलोमीटर, तरी पण मी सांगतो, कोल्हापुरात अडकू नको. पत्रकारिता म्हणजे पुणे-मुंबई. राहण्याचं बघ काहीतरी होतंय. भाच्याला महिन्याला १५-१६ लागायचे फक्त.

खानापूरची_पोर
काका, सगळे मिळून २५ आहेत. एकदाच. महिन्याला नाही.

डेस्कवर_वीस_वर्षं
नमस्कार. तालुका वार्ताहर म्हणजे काय ते आधी समजून घे, मग ठरव.

मानधन बातमीवर असतं. ते ओळींवर मोजतात की बातमीच्या संख्येवर, हे विचार. तू ४० ओळी पाठवशील, डेस्क १२ ठेवील, पैसे १२ चे मिळतील. मी स्वतः डेस्कवर बसून हे केलंय, त्यामुळे सांगतो. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर असते. म्हणजे ज्या ग्रामपंचायत अध्यक्षाकडून तू 'हार्दिक शुभेच्छा' घेणार, त्याच्याच गटारीच्या टेंडरची बातमी तुला द्यायची असणार. हा पेच पहिल्या दिवाळीतच समोर येतो. कुणी सोडवला असेल तर मलाही सांगा.

पहिला प्रश्न पगाराचा नको विचारूस. नियुक्तीपत्र देणार का आणि त्यावर हुद्दा काय लिहिणार, एवढं विचार. नुसतं ओळखपत्र गळ्यात अडकवून काही होत नाही. ओळखपत्रासाठी किंवा 'डिपॉझिट' म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच माघारी ये.

मांडे_आणि_मी
पत्रकारांसाठीच्या मजिठिया वेतन आयोगाप्रमाणे पगार द्यायला पाहिजे ना पण? २०११ ला अधिसूचना निघाली, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं.

डेस्कवर_वीस_वर्षं
पाहिजे. द्यायलाच पाहिजे. माझ्या ओळखीचे दोघं त्यासाठी लेबर कोर्टात गेले. त्यातला एक आता इन्शुरन्स विकतो. तालुका वार्ताहराला तर कर्मचारीच धरत नाहीत, मग कुठला आयोग.

कुंदा_घेऊन_या
पोरी कशाला घाबरूलालीस? वर सगळ्यांनी सांगितलं त्यात एक गोष्ट राहिली बघ. कन्नड लिहाय-वाचाय शीक. डीसी ऑफिस, तहसीलदार, पोलीस ठाणं, सगळं कागद कन्नडमध्ये. मराठी पेपरातली निम्मी पोरं ठाण्यात जाऊन रायटरला विचारतात, 'सर जरा सांगा की काय लिहिलंय.' रायटर सांगील तीच बातमी. त्याला जे सांगायचं नाही ते तुला कधीच कळत नाही.

हुतात्मा_चौक
म्हणजे आता मराठी पत्रकारानं कन्नड शिकायचं? वा! १९५६ पासून सीमाप्रश्नाचं आंदोलन चालू आहे. हेच शिकवा पोरांना. आणि वर कुणीतरी डीसी ऑफिस म्हणालं, जिल्हाधिकारी कार्यालय म्हणा.

कुंदा_घेऊन_या
आंदोलन तुमच्याइतकंच माझं पण आहे. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी असतोय, तुम्ही असता काय बघू. पण एफआयआर मराठीत मिळत नाही त्याला मी काय करू?

हुतात्मा_चौक
मिळायला पाहिजे त्यासाठी लढायचं. ८६५ गावांचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे...

(यापुढचे ११ प्रतिसाद सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवले आहेत. बेळगाव की बेळगावी हा वाद सुद्धा तिकडेच. इथे नोकरीबद्दल बोलावे. – संपादक मंडळ)

शॉर्टकट_की
टायपिंग कुठलं येतं ते कुणी विचारलंच नाही. श्रीलिपी सॉफ्टवेअरवर हात बसला असेल तरच छापील दैनिकात उभं करतात. मी क्लास लावून ३ महिने घासली.

लॅपटॉप_तापतोय
कुठल्या काळात आहात? युनिकोड इनस्क्रिप्ट शिक, फुकट आहे, विंडोजमध्येच येतं. श्रीलिपी लागली तर कन्व्हर्टर असतो.

शॉर्टकट_की
कन्व्हर्टरमध्ये रफार उडतो. 'कार्यकर्ते' चं 'कायकते' होतं. मग रात्री साडेअकराला कोण बघणार, तुमचा कन्व्हर्टर?

लॅपटॉप_तापतोय
मुद्रितशोधक.

शॉर्टकट_की
मुद्रितशोधक! कुठल्या पेपरात उरलाय तो?

स्क्रोल_करून_दमले
मी कोल्हापूरच्याच एका पोर्टलवर ८ महिने काढले. नाव घेत नाही. सांगताना १० बातम्या म्हणाले, प्रत्यक्षात २२. बातमी म्हणजे काय, तर दुसऱ्यांच्या वेबसाइटवरचं उचलून फिरवून लिहायचं आणि वर 'पाहून थक्क व्हाल' टाकायचं. एकदा पंचगंगेला पूर आला होता. मी म्हटलं, शिरोळला जाऊन येते. सर म्हणाले, कशाला, ड्रोनचे व्हिडिओ आलेत की ग्रुपवर. शेवटचे दोन पगार अजून यायचेत. ११ हजार म्हणालेत ना? हातात किती येणार, ते विचार.

एक मात्र खरं. त्या ८ महिन्यांत माझा हात चालायला लागला. २० मिनिटांत स्वच्छ बातमी उतरते. ते पुढं उपयोगी पडलं.

निपाणीचा_जर्दा
म्हणूनच म्हटलं पुणे.

डेस्कवर_वीस_वर्षं
पोरी, पैसे खर्च न करता तीन आठवड्यांत करण्यासारखं सांगतो.

कुंदावाल्यांनी कन्नडचं बरोबर सांगितलं. एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा, असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे सोडले तर बाकीचे निघतात. रोज एक काढ आणि वाच. पहिल्या पानाला घाबरू नकोस. ठाणे, दिनांक, तालूकु, फिर्यादी, आरोपी, हे शब्द आपल्याला नवे नाहीत. लिपी बसली की सांगाडा कळतो. अडतं ते नात्यांपाशी. आमच्या एका वार्ताहरानं 'माव' वाचलं आणि मामा लिहिला. मारहाण सासऱ्यानं केली होती. कन्नडमध्ये दोघांनाही माव म्हणतात, वाक्य पुढं वाचल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ऑफिसात, बरोबर गावातले चौघं. दुरुस्ती मी छापली, बोलणी मी खाल्ली.

आठवड्यातून दोन दिवस खानापूरच्या कोर्टात जाऊन बस. आत कुणी अडवत नाही.

आणि एक बातमी अशी कर, जी तू सोडून दुसरं कुणी करणार नाही. तू खानापूरची आहेस. कणकुंबीला म्हादईचं पाणी वळवायचं कळसा नाल्याचं काम आहे, भीमगड अभयारण्यातल्या गावांच्या स्थलांतराचा प्रश्न आहे. बंगळूरचे लोक एक दिवस येतात, आमदारांशी बोलतात आणि जातात. तू त्या गावात दोन रात्री राहा. रेशन कुठून आणतात, पावसाळ्यात आजारी माणूस कसा हलवतात, एवढंच लिही. ८०० शब्द. मुलाखतीला पदवीच्या आधी ते पुढं कर.

डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याला सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. तेव्हा बाहेरच्या माध्यमांना इथली माणसं लागतात. रोजावर का होईना, काम मिळतं, ओळखी होतात. माझं मत विचारशील तर तोवर हैदराबादची परीक्षा दे. निदान पगारपत्रक तरी हातात येतं.

मांडे_आणि_मी
+१ हैदराबाद. शिवाय आकाशवाणीचं बघ. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्यांसाठी हंगामी भाषांतरकार, वृत्तनिवेदक यांचं पॅनल असतं. धारवाडलाही वृत्तविभाग आहे, पण तो कन्नड.

सात_दहाच्या_बातम्या
पॅनल म्हणजे नोकरी नव्हे. महिन्यातून ठरावीक ड्युट्या मिळतात. माझा आवाज पास झाला तेव्हा घरी पेढे वाटले होते. ड्युटीपेक्षा पेढ्यांचा खर्च जास्त झाला.

कुंदा_घेऊन_या
पेढे कशाला, कुंदा वाटायचा की.

तिसरं_गेट
परत सांगतो, पहिलं कॅमेरा. मोबाइलवर शूट करणाऱ्याला कार्यक्रमात कुणी पुढं उभं करत नाही.

डेस्कवर_वीस_वर्षं
पुढं उभं राहून कुठली बातमी मिळाली बाबा आजवर?

खानापूरची_पोर
सगळ्यांचे आभार. कोर्टात जायला सुरुवात करते. खानापूर-बेळगाव बस बायकांना फुकट आहे, त्यामुळे २५ अजून शाबूत आहेत :)

*(पाच आठवड्यांनंतर)*

खानापूरची_पोर
धागा वर काढतेय. नोकरी लागली. आता रागवू नका.

कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. जंगलाकडच्या गावातल्या एक आजी आल्या होत्या, जमिनीच्या वाटणीचं प्रकरण. एका कन्नड दैनिकाचे वार्ताहर त्यांच्याशी बोलत होते. आजींना कन्नड नाही, त्यांना मराठी नाही. दोघंही मोठ्यानं बोलत होते, जणू आवाज वाढवला की भाषा कळते. मी मध्ये पडले. अर्धा तास इकडचं तिकडं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, तू काय करतेस?

त्यांच्या बेळगाव ऑफिसात शिकाऊ म्हणून घेतलंय. १२,५०० पगार, नियुक्तीपत्र मिळालं (डेस्कवाले काका, पहिलं तेच मागितलं). खानापूर आणि शहरातला मराठी भाग मी बघायचा. पहिले सहा महिने माझी कॉपी दुसरं कुणीतरी सुधारून घेणार. पहिल्या बातमीत माझ्या ९ ओळींतली एकच ओळ जशीच्या तशी राहिली, ती पण तारखेची. रात्रीची शेवटची बस चुकते म्हणून बेळगावातल्या शहापुरात दोघींत खोली घेतली, माझ्या वाट्याचं डिपॉझिट ८ हजार.

हैदराबादचा अर्ज भरला नाही. तालुका वार्ताहराला नाही म्हणून कळवलं.

हुतात्मा_चौक
शेवटी तेच केलंस. १ नोव्हेंबरला कुठल्या बाजूला होतीस?

खानापूरची_पोर
दोन्हीकडे. सकाळी संभाजी उद्यानापाशी काळ्या दिनाची फेरी, मग चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सव. दोन्ही ठिकाणी एकच विचारलं, 'तू कुठल्या पेपरची?'

डेस्कवर_वीस_वर्षं
मी हे सुचवलं नसतं. आपल्याच भाषेत हात बसायच्या आधी दुसऱ्या भाषेत लिहायला जाणं मला पटत नाही. मराठी सुटेल तुझी. रोज एक पान मराठीत लिहीत जा, कुणाला दाखवू नकोस हवं तर. कणकुंबीची बातमी केलीस का?

खानापूरची_पोर
एक रात्र राहून आले काका. ८०० चे १९०० शब्द झालेत. मराठीत आहे. तुम्हाला पाठवू का?

डेस्कवर_वीस_वर्षं
पाठव. १९०० चे ८०० मी करून देतो, ते काम येतं मला.

निपाणीचा_जर्दा
अभिनंदन. पण पुणे सोडू नको डोक्यातून.

खानापूरची_पोर
एकच मदत हवीय. ऑफिसात कन्नडसाठी नुडी वापरतात. त्याचा कीबोर्ड कुणाला येतो का इथं? जोडाक्षरं कशी काढायची तेच कळेना, कालपासून 'ग्रामस्थरु' वर अडकलेय.

लॅपटॉप_तापतोय
युनिकोड वापर.

शॉर्टकट_की
आलं परत युनिकोड.

तिसरं_गेट
अभिनंदन ताई. माझा जुना कॅमेरा विकायचाय, ४५ ला देतो. तुझ्यासाठी ४२.